कासवाचा खेळ

"हाक मारली तं ओ द्याले शिकवा पहिले. चूप राहाले मंग शिकवजा," असं रंभाबाई भावनाला म्हणाली होती, आणि भावनाने ते हसण्यावारी नेलं होतं.

हिवाळ्याचे दिवस होते. रंभाबाई वस्तीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही हाक मारल्याशिवाय सोडायची नाही. त्या दिवशी ती जरा तणतणतच होती.

"तुमच्या केंद्रातलं ते पायलचं पोट्टं हाये ना, प्रशिक," ती सांगू लागली, "त्याले मी म्हनलं, ये बापू, शेंगा घे. तं त्यानं काय करावं? रस्त्यातच गोळा होऊन बसलं! मुंडकं आत, हात आत. मले वाटलं, पोटात दुखून राहिलं त्याच्या. उठून गेलो, हलवलं, तं हूं नाही का चूं नाही."

"आजी, तो कासव झाला होता."

"कासव? काहून? मानूस होऊन कंटाळलं काय ते?"

नळावरच्या बायका खिदळल्या. भावनाही हसली. मग तिने नीट समजावून सांगितलं, की आई जवळ नसताना कुणीही बोलावलं, दार वाजवलं, तरी मुलांनी जायचं नाही, बोलायचं नाही, असं आम्ही केंद्रात शिकवतो. काळ वाईट आहे, आजी.

"अन् मी काय त्याले पिशवीत टाकून नेत होतो वं?" रंभाबाई शेंगांवर पाणी शिंपडत म्हणाली. आणि मग ती ओ देण्याची गोष्ट बोलली. भावनाचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. केंद्रातल्या पाळण्यात तिची नंदिनी उठायची वेळ झाली होती. तिने गाडी सुरू केली. दुपारी केंद्र चालवणाऱ्या उजगरे सरांना तिने हा किस्सा सांगितला तो आनंदाची बातमी म्हणून. "सर, मुलं घरीसुद्धा करतात. प्रशिकने तर भर रस्त्यात केलं."

कृपा बालकेंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन मोठ्या खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे सारवलेलं अंगण. वस्तीतल्या बहुतेक बाया सकाळी प्रताप नगरातल्या घरांमध्ये धुणी-भांडी, पोळ्या करायला जायच्या. त्यांची शाळेत न जाणारी लहान लेकरं दिवसभर इथे असायची. खिचडी, अंडी, हात धुणं, गाणी, दुपारची झोप, महिन्यातून एकदा डॉक्टर. खर्च एका ख्रिस्ती संस्थेचा, जी कितीतरी देशांमध्ये अशीच कामं करायची. आतल्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता आणि जिथे जिथे संस्थेचं काम, तिथे तिथे लाल टाचणी. परदेशातले पाहुणे आले, की त्या नकाशासमोर फोटो काढून घ्यायचे. पायलच्या शेजारचे नत्थूजी एकदा चष्मा सरसावून तिथे बराच वेळ उभे राहिले.

"याच्यात आपली टाचनी कोन्ती?"

भावनाने दाखवली.

"मंग आपन एकटे नाही ना गरीब," नत्थूजी म्हणाले. "बरं वाटलं बापा."

सुरुवातीला वस्तीत कुजबुज झाली होती, की हे लोक धर्म बदलवायला आले. तेव्हाही नत्थूजींनीच सगळ्यांदेखत उजगरे सरांना विचारून टाकलं होतं. "सर, आमच्या बापानं छप्पनमधी बदलला. एकदा झालं ते झालं. आता पुन्हा बदलाले टाइम नाही आमाले." सर इतके हसले की त्यांना चहाचा ठसका लागला. उजगरे सर नेमाने प्रार्थना करणारे गृहस्थ. पण खिचडीच्या आधी ते डोळे मिटायचे ते एकट्याने. मुलांकडून त्यांनी कधी काही म्हणवून घेतलं नाही.

भावना शहरातल्या महाल भागातल्या कोष्ट्यांच्या घरातली. घरचे माग आजोबांबरोबरच थांबले, वडील दुकानात लागले, आणि ती समाजकार्याची पदवी घेऊन इथे आली. ती आधीपासूनच काळजीखोर होती, नंदिनी झाल्यावर तर विचारूच नका. बाळ झोपलं तर श्वास चालतोय का बघायची, उठलं तर का उठलं म्हणून बघायची. तिचा नवरा पियुष म्हणायचा, "तुझ्या डोक्यात चोवीस तास अँब्युलन्सचा भोंगा वाजत असतो." पण केंद्रातल्या आयांना तिची हीच गोष्ट आवडायची. भावना मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणायच्या.

संस्थेच्या मोठ्या ऑफिसातून बालसुरक्षेचं पुस्तक आलं, तेव्हा मराठीत करायला तिनेच मागून घेतलं. पुस्तकात लिहिलं होतं, की मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. चांगला ओळखीचा आणि वाईट ओळखीचा हा फरक लहान मुलाला कळत नाही, म्हणून नियम सगळ्यांना सारखाच ठेवा. भावनाला हे फार पटलं. तिने पालकसभेत बायांना सांगितलं, की कधी एकटं ठेवावंच लागलं तर दार बंद करून ठेवा, किल्ली कुणाकडे देऊ नका, शेजाऱ्याकडेसुद्धा नाही. पण चार-साडेचार वर्षांच्या मुलांना भाषण देऊन काय उपयोग? त्यांच्यासाठी तिने खेळ काढला. ती फळ्यावर टकटक करायची, की सगळ्यांनी कासव व्हायचं. गुडघे पोटाशी, डोकं आत, आवाज बंद. बाहेरून कुणी गोड बोलेल, नाव घेईल, चॉकलेट दाखवेल, पण कासव हलणार नाही. प्रत्येक आईने आपल्या मुलाच्या कानात एक गुपित शब्द सांगून ठेवायचा, आणि तो शब्द ऐकला तरच कासव डोकं बाहेर काढणार.

तो शब्द ठरवायचा दिवस म्हणजे नुसता गोंधळ होता. आया आणि लेकरं कोपऱ्या-कोपऱ्यांत कानाला तोंड लावून बसली होती. पायल आणि प्रशिकचं मात्र ठरेचना. प्रशिक आईच्या कानात काहीतरी सांगे आणि पायल खळखळून हसे, "असा कुठी शब्द राहते का रे?" शेवटी त्याचंच खरं झालं. भावनाने गंमत म्हणून विचारलं, "मला सांग ना तुझा शब्द."

"तुमाले नाही सांगनार."

"मला पण नाही? मी तर तुझी मॅडम."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मान हलवली. भावनाने त्याच्या शर्टावर सोनेरी तारा चिकटवला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. "बघा, प्रशिकसारखं कासव कुणालाच जमत नाही."

पायल तेव्हा दारात उभी होती. सडपातळ, जेमतेम पंचविशीची पोरगी. बोलताना समोरच्याकडे बघायचं सोडून हातातल्या पिशवीकडे बघायची तिची सवय होती. नवरा साहिल मौद्याला वीज केंद्रावर ठेकेदाराकडे कामाला, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. त्या दिवशी पायलने मान वर करून सगळ्या बायांकडे बघितलं होतं.

उन्हाळा लागला आणि केंद्र बंद पडलं.

बाहेरून येणारा निधी थांबला होता. कुणी म्हणे कागदांचं काही अडलं, कुणी म्हणे तिकडच्या देणगीदारांचेच हात आखडले. उजगरे सर मुंबई-दिल्लीच्या चकरा मारून आले, आणि एके सकाळी त्यांनी सगळ्या आयांना अंगणात बसवून सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज फुटला नाही. पण सांगून झाल्यावर ते स्वयंपाकघरात गेले आणि खिचडीचं मोठं पातेलं, जे आधीच लख्ख होतं, ते घासत बसले. प्रत्येक घराला तांदूळ-डाळीची पिशवी दिली गेली. नकाशा गुंडाळताना टाचण्या जमिनीवर सांडल्या. लेकरांच्या पायात जातील म्हणून भावनाने त्या ओणवं होऊन एकेक वेचल्या. रंभाबाई तोवर उमरेडला लेकीकडे राहायला गेली होती. दुसरं कुणी दिवसभर वस्तीत थांबणारं नव्हतं. नत्थूजी होते, पण ते म्हातारे आणि एकटे, आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची नाही हे बायांच्या मनावर चांगलं ठसलेलं होतं.

भावना घरी बसली. प्रताप नगरातला दोन खोल्यांचा ब्लॉक, सासूबाई सिंधूताई, चालायला शिकणारी नंदिनी आणि खिडकीत घरघरणारा कूलर. नवतपा सुरू झाला, मे महिन्याच्या शेवटचे ते सर्वांत तापलेले नऊ दिवस. नागपूरकरांना त्या दिवसांबद्दल काय सांगायचं? सकाळी नऊला रस्ते ओस, झाडाची पानंसुद्धा मान टाकलेली.

अशाच एका सकाळी भाजीच्या ठेल्यावर तिला पायल भेटली. जवळपासच्या बिल्डिंगींमध्ये ती आता चार घरची कामं करायची.

"प्रशिक कसा आहे गं? कुठे ठेवतेस त्याला?"

"घरी हाये ना, मॅडम." पायल कोथिंबिरीच्या जुडीशी बोलली. "पाण्याची बाटली भरून ठेवतो, पोळी ठेवतो, पंखा लावतो अन् कुलूप लावून येतो. तुमी सांगतलं तसंच. कोनाले किल्ली नाही देल्ली."

"पत्र्याच्या खोलीत? या उन्हात?"

"पंखा हाये ना. अन् मी दुपारी जातोच. तो लय शहाना हाये, आवाज नाही करत. कासवच होऊन राह्यते."

"वेडी आहेस का तू? उद्यापासून माझ्याकडे आणून सोड त्याला. नंदिनीसोबत खेळेल. कूलर आहे, जेवेल माझ्याकडे."

पायलचा चेहरा उजळला, आणि लगेच तिने पिशवीकडे पाहिलं. "तुमच्या सासूबाई?"

"त्यांचं मी बघते."

"सोमवारपासून आनतो मंग. आईतवारी त्याचा बाप घरी राह्यते, त्याले विचारतो."

"विचारायचं काय त्यात?"

"बापच हाये ना मॅडम तो," पायल हसून म्हणाली. "विचारलं तं बरं वाटते त्याले."

भावनाने ते मान्य केलं. सोमवार काही लांब नव्हता. घरी येऊन तिने सिंधूताईंना सांगितलं. त्यांनी थोडं तोंड वाकडं केलं, पण नंदिनीची जुनी गादी स्वतःच उन्हात टाकली. सगळं ठरलं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भर दुपारी भावनाला चैन पडेना. तिने पांढरी ओढणी डोक्या-तोंडाला गुंडाळली, पिशवीत पन्ह्याची बाटली टाकली.

"एवढ्या उन्हात कुठे निघालीस?" सिंधूताई म्हणाल्या. "तुला ना, काळजी करायला रोज काहीतरी नवीन लागते."

"आत्ता येते."

वस्तीत चिटपाखरू नव्हतं. पायलच्या दाराला कुलूप होतं. एकच खिडकी, तिला ऊन लागू नये म्हणून आतून पुठ्ठा लावलेला. भावनाने दार वाजवलं.

"प्रशिक."

काही नाही.

"प्रशिक बेटा, मी भावना मॅडम. पन्हं आणलंय तुझ्यासाठी. आत आहेस का?"

तिने पत्र्याला कान लावला आणि चटका बसून मागे घेतला. पुन्हा वाजवलं, जोरात. आवाज ऐकून शेजारून नत्थूजी आले, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन.

"लाइन सकाळपासून गेली, मॅडम. टान्सफार्मर उडाला म्हनते. बाप मौद्याले बिजलीच्या कारखान्यात, अन् इथं पोराले पंखा नाही, पाहा." मग तेही दाराकडे बघत म्हणाले, "नेलं असन तिनं संगं. लाइन गेल्यावर कोन ठेवते लेकरू आत? आवाज तं काईच नाही सकाळपासून."

ते ऐकायला किती बरोबर वाटलं! अशा गरमीत साडेचार वर्षांचं मूल आत असतं तर रडून वस्ती डोक्यावर घेतली असती. भावनाने पायलला फोन लावला. तो वाजत राहिला, पण कामाच्या घरी पायलचा फोन बाल्कनीत पिशवीत पडलेला असायचा, हे तिला माहीतच होतं. आणि कासव? ते तिच्या मनातही आलं नाही. तो खेळ तिच्या लेखी केंद्रातल्या सतरंजीवरचा होता. तिचा आवाज ऐकला की मुलं धावत येऊन पायांना बिलगायची, एवढंच तिला आठवत होतं. पन्ह्याची बाटली तिने नत्थूजींना दिली. "घ्या काका, तुम्हीच प्या."

घरी परतताना तिला हलकं वाटलं. सगळे म्हणतात ते खोटं नाही, मी उगाचच घाबरते, असं ती सिंधूताईंना म्हणालीही. मग कूलरसमोर नंदिनीला कुशीत घेऊन पडली, आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

पायलला त्या दिवशी दुपारी घरी जाता आलं नव्हतं. एका घरी पाहुणे होते; थांब जरा, पुऱ्या तळून दे, म्हणाले. ती थांबली. लाइन गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी नत्थूजींचा फोन आला. "मॅडम, या," एवढंच ते म्हणाले आणि कोणत्या दवाखान्यात ते सांगितलं.

भावना पोचली तेव्हा व्हरांड्यातल्या स्ट्रेचरजवळ पायल खाली बसली होती, तोंड त्याच्या कानाशी. ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"तर्री. तर्री, बापू. आई आली ना. तर्री."

जवळ उभ्या सिस्टरला वाटलं, बाईचं भान सुटलंय. ती हलकेच तिला उठवू बघत होती. भावनाला मात्र क्षणात कळलं. रविवारी साहिल त्याला खांद्यावर बसवून चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोहे खायला न्यायचा. तोच त्याचा शब्द होता. जगात एकाच माणसाला माहीत असलेला. पायल तो घेऊन आली होती आणि आतलं कासव डोकं बाहेर काढत नव्हतं.

नत्थूजी बाजूला उभे होते, दुपट्ट्याने तोंड दाबून. त्यांनीच सांगितलं: कुलूप काढलं तर तो खाटेखाली होता. बाटली रिकामी. गुडघे पोटाशी, डोकं आत.

तिने डॉक्टरांना गाठलं. तिला एकच विचारायचं होतं, हे किती वाजता झालं असेल? तरुण डॉक्टर होता, थकलेला. उष्माघाताचे पेशंट दिवसभर येत होते. "तसं नक्की नाही सांगता येत, मॅडम. तुम्ही कोण त्यांच्या?"

भावना दार वाजवत होती तेव्हा तो जिवंत होता का? असेल, तर तिचा आवाज ऐकून तो आणखी आत सरकला असेल, ओठ घट्ट मिटून, सोनेरी तारा मिळेल म्हणून. नसेल, तर ती एका मेलेल्या लेकराला पन्हं प्यायला बोलावत होती. यातलं काय खरं असावं असं तिला वाटतं, हे पियुषने एकदा विचारलं. ती उठून नंदिनीचा श्वास बघायला गेली.

दुसऱ्या दिवशी प्रशिकला मातीत ठेवलं. त्रिशरण म्हणताना साहिलला पुढचे शब्दच आठवेनात, बाकीच्यांनी ते पुरे केले. उजगरे सर आले होते. लोकांना वाटलं ते काही बोलतील. ते पायलसमोर जमिनीवर बसले आणि इतकंच म्हणाले, "बाई, मी रोज प्रार्थना करतो. कालपासून येत नाही मला."

काही दिवसांनी भावना पायलच्या खोलीवर गेली. दार उघडं होतं. खिडकीचा पुठ्ठा कुणीतरी काढून टाकला होता. पायल खाटेवर बसलेली होती; खाटेखाली बघावं लागू नये म्हणून भावनाने नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर ठेवली.

"नत्थूकाका म्हनत होते, तुमी आल्या होत्या त्या दिवशी," पायल म्हणाली.

"हो."

"हाक मारली होती?"

"मारली होती. पुष्कळदा मारली, पायल."

"काय म्हनलं?"

"प्रशिक म्हणाले. मी भावना मॅडम आहे, म्हणाले."

पायल मान हलवत राहिली, हिशेब जुळल्यासारखी. "मंग नाही देनार तो ओ. पक्का होता ना तो. शब्द नोता तुमच्यापाशी."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. केंद्रात मुलांचं कौतुक ऐकताना आयांच्या आवाजात यायचं तसंच काहीतरी होतं. "तुमीच तं म्हनलं होतं, त्याच्यावानी कासव कोनालेच जमत नाही."

भावना तिचे पाय धरायला वाकली, तर पायलने झटकन पाय वर घेतले. "काहून करता असं, मॅडम? मी पुऱ्या तळत होतो ना तवा. गरम गरम पुऱ्या वाढून राहिलो होतो लोकायले." आणि मग ती रडली. हातात पिशवी नव्हती, म्हणून आपल्या रिकाम्या हातांकडे बघत रडली. भावना तिला शिवू शकली नाही.

त्यानंतर ती पुन्हा गेली, तेव्हा खोलीत दुसरंच कुटुंब आलेलं होतं. साहिल मौद्यालाच राहतो, शेजारी म्हणाले. दोघांचं बोलणं तुटलं. तो तिला म्हणाला म्हणे, की मॅडम ठेवाले तयार होत्या तं तू सोमवारची वाट काहून पाह्यली? आणि पायल त्याला काहीच बोलली नाही. तुला विचारायचं होतं, एवढंसुद्धा नाही. ती कुठे गेली, कुणालाच पक्कं माहीत नाही. एकजण म्हणाली, महालात दिसली होती. दुसरी म्हणाली, छे, प्रताप नगरातच कुणाकडे रात्रंदिवस राहते. फोन बंद. भावना नंदिनीला कडेवर घेऊन बिल्डिंगींच्या गेटवर विचारत फिरते. "कोन्ती पायल, मॅडम?" वॉचमन विचारतात. "आमच्याकडेच तीन हायेत."

सिंधूताई आता तिला काळजीवरून काही बोलत नाहीत. उजगरे सरांनी दुसऱ्या एका संस्थेकडून दोन खोल्यांपुरती सोय होते का बघायला घेतलंय. भावना त्यांच्यासोबत जाते, बोलते, सह्या करते. पण तिला हे ठाऊक आहे, की नवीन केंद्र उघडलं तरी त्याच्या दारात पायल कुणाचं बोट धरून येणार नाही. जी आई त्या दिवशी लोकांच्या पानात पुऱ्या वाढत होती, ती आता रोज कुणाच्या तरी ओट्यापाशी उभी आहे, आणि त्या घरातल्या कुणालाही तिच्याबद्दल काही माहीत नाही.

म्हणून भावना भेटेल त्याला सांगते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे, शेजारच्या फ्लॅटमध्ये, तुमच्या बहिणीकडे, एखादी पायल कामाला येत असेल; बारीक, सावळी, डाव्या मनगटावर साहिल असं गोंदलेली, बोलताना तुमच्याकडे न बघणारी. तिला एकदा बसवा. भांडी राहू द्या. जेवलीस का, विचारा. ती 'हाव, जेवलो' म्हणेल, त्यावर जाऊ नका; ताट वाढा आणि ती खाईपर्यंत तिथेच बसा. माझं, भावना मॅडमचं, नाव सांगू नका. आणि एखाद्या दिवशी ती आलीच नाही, फोन उचलला नाही, तर बाईने दांडी मारली म्हणून गप्प बसू नका. ती राहते तिथे जा. दार वाजवा. आतून आवाज आला नाही, तर मागे फिरू नका.